म्हातारीचं उड्डाण आणि आमचं टेबल

वस्तू जागच्या जागी ठेवण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. ही नुसती फुशारकी नाही, माझा पेशाच तो आहे. हवाई दलाच्या तळावर जुन्या लढाऊ विमानांचं जे संग्रहालय आहे, त्याचा मी व्यवस्थापक. गणवेशातला नाही, साधा पँट-शर्टातला. पण त्या हँगरच्या किल्ल्या माझ्या कमरेला असतात आणि ‘कृपया वस्तूंना हात लावू नये’ ही तिथली प्रत्येक पाटी माझ्या हस्ताक्षरात आहे. विमानं कमी आणि पाट्या जास्त, असं बायको म्हणते. तिच्याकडे आपण लक्ष देत नाही.

असं असूनही एका सकाळी माझ्यामुळे अख्ख्या तळावरचं एकही विमान उडू शकलं नाही! शत्रूला जे आजवर जमलं नव्हतं, ते मी एका डुगडुगणाऱ्या टेबलापायी करून दाखवलं. लोक आपापल्या पद्धतीने तिखटमीठ लावून सांगतात, म्हणून म्हटलं आपणच एकदा सांगून टाकावं.

सुरुवात सासऱ्यांपासून करावी लागेल. माझे सासरे ह्याच तळावर मेकॅनिक होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एकाच विमानाच्या पोटाखाली काढली. त्या विमानाला ते ‘म्हातारी’ म्हणतात, अगदी ती नवीकोरी होती तेव्हापासून. सासूबाई हयात असताना सांगायच्या की मला सवत आहे आणि तिला पंख आहेत.

तर ही म्हातारी आता निवृत्त व्हायची होती. त्या दिवशी सकाळी तळावरून एक शेवटची फेरी मारायची, उतरायचं, आणि मग जवानांनी तिला ढकलत माझ्या संग्रहालयात आणून उभी करायची. पुढे टाकीतलं इंधन काढून घ्यायचं, की संपलं. उड्डाणाची परवानगी दुपारपर्यंतची होती. त्यानंतर ती उडणार नव्हती, त्या दिवशी नाही आणि पुन्हा कधीच नाही.

तळाच्या मोठ्या साहेबांनी सासऱ्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या जुन्या अवजारांनी म्हातारीचे शेवटचे नटबोल्ट आवळायचे आणि मग ती अवजारं फळ्यासकट संग्रहालयाला द्यायची, असा बेत होता. बेत माझाच. त्यामुळे सासरे आठवडाभर आधीच आमच्या घरी मुक्कामाला आले.

आणि पहिल्याच जेवणाला त्यांना आमचं टेबल दिसलं.

आमचं जेवणाचं टेबल जरासं डुगडुगतं. त्यावर मी एका पायाखाली कागदाची घडी सारून केव्हाच तोडगा काढला होता. सासरे वाकले, घडी बाहेर काढली आणि झुरळ धरावं तशी दोन बोटांत धरून मला दाखवली.

“जावईबापू, विमानाच्या चाकाखाली कागद घालून उडवाल का?”

मी म्हटलं की टेबल उडवायचा आमचा विचार नाही. ते हसले नाहीत. घडी केराच्या टोपलीत गेली आणि त्या दिवसापासून आमच्या घरातला प्रत्येक चहा आधी बशीत, मग टेबलावर आणि शेवटी कपात, अशा क्रमाने मिळू लागला. प्रत्येक वेळी सासरे काही न बोलता माझ्याकडे बघत. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याकडे असंच बघितलं आहे, पण इतक्या नियमाने कधी नाही.

समारंभाच्या आदल्या दिवशी ते हँगरमध्ये आले. त्यांचा तो फळा तुम्ही बघायला हवा. एक मोठी लाकडी फळी, तिच्यावर ओळीने खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली त्या-त्या अवजाराचा आकार काळ्या रंगात रंगवलेला. त्या आकाराला ते सावली म्हणतात. काम झालं की प्रत्येक अवजार आपापल्या सावलीवर टांगायचं. एक जरी सावली रिकामी राहिली, तरी विमान उडवायचं नाही. कारण न सापडलेलं अवजार इंजिनात पडलेलं असू शकतं, आणि ते तिथे आहे हे आकाशात कळलं तर काही उपयोग नसतो.

सासऱ्यांनी म्हातारीचं पोट उघडलं, काय आवळायचं ते आवळलं, झाकण लावलं आणि अवजारं टांगली. मग फळ्यावरून एकेका सावलीला बोट लावत गेले आणि शेवटी म्हणाले, “भरलं.” त्यांचा चेहरा पूजा आटोपलेल्या माणसासारखा झाला होता.

सगळे गेले. कुलूप लावायला मी एकटाच उरलो. आणि माझी नजर त्या फळ्यावरच्या सगळ्यात लहान पान्यावर गेली. बोटभर लांबीचा, चकचकीत, आणि तोंडाचं माप म्हणाल तर थेट आमच्या टेबलाच्या नटाचं! माझ्या मनात आलं की ह्यांच्याच पान्याने ह्यांचंच तोंड बंद करावं. एका संध्याकाळचा तर प्रश्न होता. समोर माझ्याच अक्षरातली ‘हात लावू नये’ची पाटी होती, पण ती पाहुण्यांसाठी असते.

फाटकावरचा पहारेकरी प्रत्येकाच्या पिशव्या, खिसे, डबे तपासतो. मला बघून मात्र तो हसला आणि म्हणाला की साहेब, तुमची काय झडती घ्यायची! पाना माझ्या खिशात सुखाने बाहेर पडला.

घरी सासरे फिरायला गेले होते. मी टेबलाखाली शिरलो, हाताला लागला तो नट आवळला, कपाळ आपटलं, बाहेर आलो. पाना स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात टाकला, सकाळी घेऊन जायचा म्हणून.

सकाळी नाश्त्याला सासरे टेबलाशी बसले. त्यांनी टेबलावर तळवा ठेवला, दाबला, थोडा हलवून बघितला. टेबल ढिम्म! सासरे म्हणाले, “आता बरं आहे.”

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल, माझ्या नोकरीबद्दल, माझ्या हातच्या कशाबद्दलही त्यांच्या तोंडून ‘बरं’ हा शब्द मी ऐकला नव्हता. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याच आनंदात मी त्यांना तळावरून न्यायला आलेल्या जीपमध्ये घातलं आणि तळावर पोचलो. बायको मागाहून समारंभाच्या वेळेला येणार होती. आणि पाना चमच्यांच्या खणात होता.

हँगरसमोर मंडप, खुर्च्या, बँड असा सगळा थाट होता. म्हातारी धुऊनपुसून उभी होती. वैमानिक तयार होऊन तिच्या शिडीपाशी थांबला होता. सासरे आधी फळ्यापाशी गेले आणि सावल्यांवरून बोट फिरवू लागले. आता मात्र मला आठवलं. त्यांचं बोट शेवटच्या सावलीपाशी थांबलं.

“एक सावली रिकामी आहे,” ते म्हणाले.

मोठे साहेब समजूतदार माणूस. ते म्हणाले की काका, कुठेतरी इकडेतिकडे ठेवला गेला असेल, फळा आता संग्रहालयाचाच तर आहे, होऊन जाऊ द्या उड्डाण.

“साहेब, ह्याच अवजारांनी काल मी तिचं पोट उघडलंय,” सासरे म्हणाले. “पाना सापडल्याशिवाय ती हलणार नाही.”

हे बोलताना त्यांनी फळ्याची कड घट्ट धरली होती. ते उड्डाण बघायची ओढ तिथे त्यांच्याइतकी कोणालाच नव्हती, आणि त्यांनीच ते थांबवलं होतं. त्याच क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. तसं मी ते उघडलंही. पण त्यातून बाहेर पडलं, “शोधू या.”

सकाळचं ते ‘बरं आहे’ मला इतक्या लवकर परत करायचं नव्हतं, दुसरं काय!

साहेबांनी फाटक बंद करायचा हुकूम दिला. आतलं कोणी बाहेर नाही, बाहेरची वस्तू आत नाही. म्हणजे घरी पळत जाऊन यायचा मार्ग खुंटला. मी माझ्या खोलीत जाऊन घरी फोन लावला आणि बायकोला हळू आवाजात सांगितलं की चमच्यांच्या खणात एक छोटा पाना आहे, तो येताना पर्समधून घेऊन ये.

“तो होय? आत्ताच त्याने साखरेचा डबा उघडला मी. झाकण अडकलं होतं.”

“तो घेऊन ये, आणि बाबांना कळू देऊ नकोस.”

बायको म्हणाली, “अहो, तुम्ही बाबांच्या फळ्याला हात लावलात?” सासऱ्यांचं ते बघणं तिच्या आवाजातही उतरलेलं आहे, हे मला तेव्हा प्रथम कळलं.

बाहेर सासऱ्यांनी दोन जवानांना घेऊन म्हातारीची झाकणं उघडायला सुरुवात केली होती. एकेक झाकण, एकेक कोपरा, बॅटरी घेऊन. ह्या गतीने दुपार टळून गेली असती. पाना विमानात नाही हे जगात फक्त मला ठाऊक होतं. मग म्हटलं, तात्पुरता एखादा तसाच पाना टांगला तर काय हरकत आहे? विमान उडेल, बायको येईल, मी गुपचूप अदलाबदल करीन. योजना मला इतकी आवडली की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

जीपचा ड्रायव्हर बँडवाल्यांशी गप्पा मारत उभा होता. मी जीपच्या मागच्या डब्यातून एक छोटा पाना उचलला आणि खुर्च्यांच्या रांगेतून “सापडला, सापडला!” करत धावत आलो. माझ्या हाताने तो रिकाम्या सावलीवर टांगला. बँडवाल्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

सासरे हात पुसत आले आणि फळ्यासमोर उभे राहिले. पाना खिळ्यावर झुलत होता आणि त्याच्या चारी बाजूंनी काळी सावली बाहेर डोकावत होती, मोठ्या भावाच्या सदऱ्यात धाकट्याला उभं करावं तशी.

“हा आपला नाही,” ते म्हणाले. मग त्यांनी मोठ्या साहेबांकडे बघितलं. “मग हा कोणाचा?”

साहेबांचा चेहरा एकदम बदलला. मला आधी कळेना की एवढं काय झालं. मग एका जवानाने समजावून सांगितलं. पाना कमी असला तर एकच विमान थांबतं, कारण फळा कोणता ते ठाऊक असतं. पण पाना जास्त सापडला, तर तळावरच्या कुठल्यातरी फळ्यावर एक सावली रिकामी असणार. ती कुठली, हे कोण सांगणार? म्हणजे सगळे फळे मोजून होईपर्यंत सगळीच विमानं थांबणार!

साहेबांनी फोन उचलला. आकाशात दोन विमानं सराव करत होती, ती खाली उतरवली गेली. धावपट्टीच्या टोकाला उडायच्या बेतात असलेलं एक तिथेच थांबलं. तळावर दिवसभर जी घरघर असते ती बंद पडली आणि इतकी शांतता पसरली की कुठल्याशा झाडावर कावळा ओरडला तो सगळ्यांनी वळून बघितला. प्रत्येक कार्यशाळेत फळे मोजायला माणसं धावली. माझ्या शेजारी उभा असलेला जीपचा ड्रायव्हर हळहळत होता की काय एकेक निष्काळजी लोक असतात. त्याची जीप उडत नसल्यामुळे स्वतःचा डबा उघडून बघायचं काही त्याला सुचलं नाही.

तेवढ्यात माझ्या खोलीतला फोन वाजला. बायको फाटकावर पोचली होती आणि पहारेकरीदादा पाना आत नेऊ देत नव्हते. मी त्याला फोन द्यायला सांगितलं.

“साहेब, बाहेरचं अवजार आत आणायचं नाही, असा हुकूम आहे,” तो म्हणाला.

मी हलक्या आवाजात म्हटलं की ते आतलंच आहे.

“आतलं अवजार बाहेर जाऊच शकत नाही, साहेब. झडती मी स्वतः घेतो.”

त्याने पाना जप्त करून काड्यापेट्या आणि कात्र्यांच्या ट्रेमध्ये ठेवून दिला. आतला तो असूच शकत नव्हता आणि बाहेरचा म्हणून चालत नव्हता.

मी बाहेर आलो तर साहेबांनी शेवटचा उपाय काढला होता. सगळ्यांनी एका रांगेत, खांद्याला खांदा लावून, मान खाली घालून हँगरपासून धावपट्टीपर्यंतची सिमेंटची फरशी पायी तपासायची. काही दिसलं तर हात वर करायचा, की रांग जागच्या जागी थांबते. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी! बँडवाले पिपाण्या खाली ठेवून आले, आचारी ॲप्रन घालून आले, ठेवणीतले कपडे घातलेले पाहुणे आले, वैमानिकही आला. सगळे उन्हात माझा पाना शोधू लागले. मीही शोधू लागलो. नसलेली वस्तू इतक्या मन लावून शोधणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल.

माझ्या उजव्या हाताला सासरे होते. त्यांचे गुडघे दुखत होते हे त्यांच्या चालण्यावरून दिसत होतं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही मंडपात बसा. त्यांनी मान हलवली. रांग पुढे सरकत राहिली. एक बटण सापडलं, एक बाटलीचं बूच सापडलं, कोणाची तरी केसांची पिन सापडली, आणि ऊन डोक्यावर येत राहिलं.

बरंच अंतर गेल्यावर सासरे खाली बघतच बोलू लागले. पूर्वी ज्याच्या हातून अवजार हरवायचं तो स्वतःच हात वर करायचा, म्हणाले. त्याला कोणी रागावत नसे. उलट त्याला बसवून चहा पाजत. कारण त्याला रागावलं तर पुढच्या वेळी कोण कशाला बोलेल?

मी हं म्हटलं.

“मला वाटतं, माझ्याच हातून हरवला,” ते म्हणाले. “काल शेवटी मीच मोजलं. भरलं म्हणालो. पण वय झालंय आता, नजर चुकली असेल. म्हातारीला मीच थांबवली बघा, जावईबापू.”

त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला स्वतःची शिसारी आली. त्या माणसाने आयुष्यभर एकही सावली रिकामी सोडली नव्हती आणि आज माझ्यामुळे तो स्वतःवरच शंका घेत होता.

मी हात वर केला.

रांग खाडकन थांबली. शिट्टी वाजली. मोठे साहेब धावत आले, त्यांच्या मागे दोन जवान, त्यांच्या मागे वैमानिक.

“काय सापडलं?”

“मी, साहेब,” मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. टेबल, खिसा, चमच्यांचा खण, साखरेचा डबा, फाटक. साहेबांनी विचारलं की आणि तो दुसरा पाना? मी म्हटलं, जीपचा. ड्रायव्हरने माझ्याकडे जे बघितलं, त्यानंतर त्या जीपमध्ये बसायची माझी हिंमत झालेली नाही. सगळी रांग माझ्याकडे बघत होती. कोणी हसेना, कोणी ओरडेना. ओरडले असते तर बरं झालं असतं.

शेवटी सासरे बोलले. आचाऱ्याकडे वळून म्हणाले, “ह्यांना चहा आणा.”

आणि खरोखर चहा आणला! एक खुर्ची आणली, मला फरशीच्या मधोमध उन्हात बसवलं, आणि सगळा तळ उभा असताना मी एकटा चहा प्यायलो. घशाखाली उतरायला इतका जड चहा मी दुसरा प्यालेलो नाही. बिस्किटं देऊ का, असं आचाऱ्याने विचारलं, तेव्हा मात्र मी नको म्हणालो.

तोवर जवानांनी म्हातारीची उघडलेली झाकणं लावली आणि जीप फाटकावर जाऊन आली. पुढच्या सीटवर बायको बसली होती आणि मागे पहारेकरी अख्खा ट्रे मांडीवर घेऊन, काड्यापेट्या आणि कात्र्यांसकट. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. सासऱ्यांनी पाना उचलला, रुमालाने पुसला, बोट लावून बघितलं.

“ह्याला साखर कशी लागली?”

बायको म्हणाली, ह्यांनाच विचारा.

पाना सावलीवर बसला, चारी बाजूंनी बरोबर. सासऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं, एकही सावली न गाळता, आणि म्हणाले, “भरलं.” ह्या वेळी टाळ्या वाजवायचं बँडवाल्यांना सुचलं नाही, कारण सगळेच म्हातारीकडे बघत होते.

परवानगी संपायच्या अगदी आधी ती उडाली. तळावरून तिने एक मोठी फेरी मारली, परत येताना आमच्या डोक्यावरून गेली आणि पंख जरासे हलवून दाखवले. सासरे मान वर करून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलंही नाही. बायकोने त्यांचा हात धरला होता. मीही रडलो, ते कशासाठी ते मात्र विचारू नका. अभिमान त्यांचा वाटत होता आणि लाज माझी.

संध्याकाळी आम्ही तिघं टेबलाशी बसलो होतो. सासरे दमले होते पण खुशीत होते. दिवसभरात ते मला एक शब्दही टाकून बोलले नव्हते, त्यामुळे मला जरा धीर आला. मी म्हटलं, काही म्हणा, पण एवढ्या गोंधळात एक गोष्ट तर चांगली झाली. टेबल कसं घट्ट बसलंय! बायकोने कपाळाला हात लावला. सासरे बशीकडे बघत राहिले.

नेमका माझा चमचा खाली पडला. तो उचलायला मी टेबलाखाली वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. मी काल ज्या पायाचा नट आवळला होता, तो पाय मुळात कधी डुगडुगतच नव्हता. डुगडुगणारा पाय दुसराच, सासऱ्यांच्या खुर्चीजवळचा. आणि त्याच्याखाली जाड कागदाची एक छान चौकोनी घडी सारलेली होती.

मी ती ओढून काढली. टेबल कललं, तिघांचाही चहा सांडला. मी वर येऊन घडी उलगडली. आजच्या समारंभाची निमंत्रणपत्रिका होती ती, आणि खाली सोनेरी अक्षरांत ‘संयोजक’ म्हणून माझं नाव होतं.

बायको म्हणाली, “मी नाही हं.”

सासऱ्यांनी रिकाम्या कपात बराच वेळ डोकावून बघितलं. “पहाटे लवकर जाग आली,” ते म्हणाले. “फार हलत होतं हो.”

मग त्यांनी हळूच हात वर केला. मी उठलो आणि त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवलं.